शेवटची दोन मिनिटे

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या शाळेच्या मुलींचा बास्केटबॉल संघ एका आंतरशालेय स्पर्धेत उपांत्य सामना हरला. हरण्याचे एवढे काही नव्हते, त्याची सवय होती. मनाला लागले ते कसे हरलो, ते. शेवटच्या क्वार्टरची तीन मिनिटे उरली असताना फलकावर २८-२१ होते. सात गुणांनी आम्ही पुढे. बाकावरच्या मुली टाळ्या पिटत होत्या, आणि खरे सांगायचे तर आम्हीसुद्धा परतीच्या वाटेवर मुलींना काय खाऊ घालावे याचा हिशेब मनात मांडू लागलो होतो. शिट्टी वाजली तेव्हा फलकावर २८-२९ होते. त्या तीन मिनिटांत आमच्या मुलींना एकही गुण करता आला नव्हता.

परतताना बसमध्ये कोणी बोलले नाही. आमची कप्तान, सात नंबरचा शर्ट घालणारी मुलगी, खिडकीकडे तोंड करून बसली होती. करावे गावाच्या वळणावर उतरताना ती एवढेच म्हणाली, ‘‘टीचर, आम्हाला खेळता येतं. जिंकता येत नाही.’’

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बास्केटबॉलचे आम्ही कोणी उस्ताद नव्हे. शाळेचे क्रीडाशिक्षक मुलांच्या कबड्डीत आणि धावण्याच्या शर्यतींत गुंतलेले, आणि मुलींच्या संघाबरोबर कोणी बाई असल्याशिवाय घरून परवानगी मिळेना, म्हणून हे काम आमच्या गळ्यात पडले. सुरुवातीला चेंडू किती वेळा टप्पा घेतला तर चालतो हेसुद्धा मुलींनाच विचारावे लागले.

करावे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे, खाडीकाठचे गाव. सिडकोचे नवे शहर त्याच्या चारी बाजूंनी उभे राहिले. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर आज ‘सीवूड्स दारावे करावे’ असे तिन्ही नावांचे बिऱ्हाड आहे. आमच्या मुलींची घरेही अशीच मिसळ आहेत. कोणाचे वालिद कोकणातून आलेले, कोणाचे मराठवाड्यातून, कोणाचे उत्तर प्रदेशातून. कोणी रिक्षा चालवतात, कोणाचे शिलाईचे काम. सराव उघड्यावर, सिमेंटच्या कोर्टवर. पावसाळ्यात तिथे पाय ठरत नाही आणि शालेय सामन्यांचा हंगाम नेमका पावसाळ्यातच सुरू होतो. पुढे डिसेंबरात दुसरीच अडचण. शाळा पाचला सुटते, सहाच्या सुमाराला मगरीबची अजान. मुलींना त्याआधी घरी पोचायचे असते. कपडे बदलण्याचा वेळ काढला तर हाती राहतात जेमतेम चाळीस मिनिटे.

ऑगस्टच्या त्या सामन्यानंतर आम्ही आमच्याच एका माजी विद्यार्थिनीला बोलावले. ती आता कॉलेजच्या संघातून खेळते. तिने मुलींना कोर्टवर न नेता वर्गात बसवले आणि फळ्यावर गणित मांडले. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. चेंडू हाती आला की नियमाप्रमाणे २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे फेकावा लागतो. आपण पुढे आहोत, समोरचा संघ घाईत आहे, तो दहा सेकंदांत फेकणार. आपण २२ सेकंद घेतले तर दोघांची एक फेरी ३२ सेकंदांची. १८० सेकंदांत अशा फेऱ्या होतात साडेपाच. म्हणजे सात गुण भरून काढायला समोरच्यांना फार तर सहा संधी. ‘‘आणि तुम्ही काय केलंत?’’ तिने विचारले. मुलींनीच सांगितले. भीतीपोटी त्याही घाई करत होत्या. चेंडू आला की पाच-सहा सेकंदांत कुठेतरी भिरकावून मोकळ्या. मग एक फेरी सोळा सेकंदांची, आणि समोरच्यांना संधी अकरा. वर्गात शांतता पसरली. अकरा नंबरची मुलगी हळूच म्हणाली, ‘‘म्हणजे पाच संधी आपणच देऊन टाकल्या.’’

चूक एकट्या मुलींची नव्हती. उत्तरार्धात संघाला तीन टाइमआउट मिळतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यांतले फार तर दोन वापरता येतात. आम्ही तिसऱ्या क्वार्टरमध्येच तिन्ही संपवून बसलो होतो, एकदा तर फक्त मुलींना पाणी पाजायला. नेमकी गरज पडली तेव्हा हाती काही नव्हते. हे आम्ही मुलींसमोर कबूल केले. शिक्षकाने चूक कबूल केल्याचे त्यांना जरा नवलच वाटले.

मग सरावाची रीत बदलली. चाळीस मिनिटांतली शेवटची दहा रोज एकाच गोष्टीसाठी. सामना शेवटाकडे आला आहे असे धरायचे, कधी दोन गुणांनी पुढे, कधी एकाने मागे, आणि तिथून खेळायचे. शेवटच्या दोन मिनिटांचे नियम जरा निराळे असतात. एरवी बास्केट झाल्यावर घड्याळ चालूच राहते, शेवटच्या क्वार्टरच्या या दोन मिनिटांत ते थांबते. संघाचे चार फाऊल होऊन गेले असतील तर पाचव्यापासून समोरच्याला प्रत्येक वेळी दोन फ्री थ्रो. म्हणून मागे पडलेला संघ मुद्दाम फाऊल करतो, घड्याळ थांबवतो, आणि फ्री थ्रो चुकेल या आशेवर राहतो.

यावरून एक प्रश्न निघाला, आणि त्याचे पक्के उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. संघातली सर्वांत लहान मुलगी, सातवीतली, म्हणाली, ‘‘टीचर, मुद्दाम फाऊल करणं बेईमानी नाही का?’’ आम्ही सांगितले की नियमात त्याची किंमत ठरलेली आहे, ती मोजूनच फाऊल होतो, आणि कोणाला इजा होईल असे केले तर पंच त्याहून कडक सजा देतात. तिचे समाधान झाले नाही. आमचेही पुरते झाले नाही. शेवटी ठरले की आपण मागे असलो तर आधी चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न करायचा, त्यात फाऊल झाला तर झाला. आमच्या माजी विद्यार्थिनीने कपाळाला हात लावला, पण मुली अडून बसल्या.

फ्री थ्रोची रेषा फळीपासून ४.६० मीटरवर, रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. समोर कोणी आडवे येत नाही, म्हणून हे सोपे वाटते. दमलेल्या पायांनी आणि धडधडत्या काळजाने ते सोपे राहत नाही. आमच्या मुली सकाळी ताज्या असताना दहांत सहा टाकत. गणिताच्या सरांनी हिशेब करून दिला. दहांत सहा टाकणारी मुलगी दोन्ही फ्री थ्रो टाकेल अशी शक्यता शंभरात ३६, एकच टाकेल अशी ४८, दोन्ही चुकतील अशी १६. म्हणजे चुकलेला चेंडू परत पकडण्याची तयारी हवीच. तेव्हापासून कोर्टच्या दोन फेऱ्या धावून, धापा टाकत असतानाच फ्री थ्रो घ्यायचे असा कायदा झाला. यात अकरा नंबरची मुलगी सर्वांत पुढे. ती बिस्मिल्ला म्हणते, चेंडू तीनदा जमिनीवर आपटते आणि टाकते. चुकला तरी चेहरा तोच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलींना नागपाड्याला नेले. हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून भायखळा, पुढे चालत. दोघींच्या घरून ‘नागपाडा कशाला?’ असा प्रश्न आला होता. हा प्रश्न विचारणाऱ्यांना मुंबईच्या बास्केटबॉलचा इतिहास ठाऊक नसतो. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, आणि पुढे तो नागपाड्याच्या गल्ल्यांत असा रुजला की इथल्या पोरांचे ते वेडच झाले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ड्ट यांनी इथे नागपाडा नेबरहूड हाऊस उघडले. गिरणी आणि गोदीच्या कामगारवस्तीसाठी ते समाजकेंद्र होते. १९३६ मध्ये याच ठिकाणी समाजकार्य शिकवणारी एक संस्था सुरू झाली. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. याच मोहल्ल्यात बच्चू खान यांनी मुलांच्या कितीतरी पिढ्यांना बास्केटबॉल शिकवला. पालिकेच्या मैदानाला आज त्यांचे नाव आहे. नागपाड्याचे गुलाम अब्बास मुंतसिर पुढे भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. नागपाडा बास्केटबॉल असोसिएशनची इंग्रजी आद्याक्षरे अमेरिकेच्या एनबीएसारखीच आहेत हे कळल्यावर आमच्या मुली हसून हसून बेजार झाल्या.

त्या संध्याकाळी कोर्टवर पोरे खेळत होती. जागा थोडी, खेळणारे फार. हरणारा संघ बाहेर, जिंकणारा आत, बाहेर गेले की पुन्हा केव्हा पाळी येईल याचा नेम नाही. आमची कप्तान बराच वेळ टक लावून पाहत राहिली. मग म्हणाली की इथे रोजच शेवटची दोन मिनिटे चालू असतात. आमच्या महिन्याभराच्या व्याख्यानांत आम्हाला हे इतके नेमके सांगता आले नव्हते.

गाडीत बसल्यावर मुलींना २०१७ चा किस्सा सांगितला. त्या वर्षी जुलैमध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले आणि वरच्या गटात जागा मिळवली. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती, पुढे ती भारताची कर्णधारही झाली. चाळीस मिनिटे खेळून अंतर राहिले ते एका बास्केटचे.

आता अकरा नंबरच्या मुलीविषयी. ती नववीत आहे. नोव्हेंबरात तिचे अब्बा शाळेत आले. बोलणे अदबीचे, पण निर्णय झालेला. मुलगी मोठी झाली, आता खेळ पुरे. त्यांचे पहिले म्हणणे कपड्यांविषयी होते. आम्ही म्हटले, भाईजान, हे आधी बघा. जागतिक बास्केटबॉल संघटनेचा, फिबाचा, नियम आम्ही उर्दूत उतरवून ठेवला होता. पूर्वी डोके झाकून आंतरराष्ट्रीय सामना खेळता येत नसे. २०१४ च्या इंचॉन आशियाई खेळांत कतारच्या मुलींना स्कार्फ काढा असे सांगितले गेले, तेव्हा त्यांनी सामना सोडला. अमेरिकेची बिल्किस अब्दुल कादिर स्कार्फ घालून कॉलेजपर्यंत गाजली आणि पुढच्या व्यावसायिक खेळाच्या दारात याच नियमाने अडली. त्याच वर्षी शीख खेळाडूंना पगडी उतरवायला लावल्यावरून आपल्या देशातही गदारोळ झाला होता. शेवटी मे २०१७ मध्ये फिबाने नियम बदलला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून तो लागू झाला. चेहरा झाकलेला नसावा, दुसऱ्याला इजा होईल असे काही नसावे, आणि संघातल्या डोके झाकणाऱ्या सगळ्यांचा रंग एकच असावा. आमच्या मुलींचे स्कार्फ, बाह्या आणि पायातले लांब टाइट्स म्हणूनच सगळे काळे आहेत.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, ‘‘टीचर, कपड्यांचं समजलं. पण लोक काय म्हणतील त्याचं काय?’’ त्यावर आमच्याकडे कागद नव्हता. एवढेच म्हटले की डिसेंबरातल्या स्पर्धेत एकदा येऊन बघा, मग ठरवा. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मुलीने नंतर सांगितले की घरी दादीने मध्यस्थी केली. दादीचा युक्तिवाद साधा होता. पोरगी रोज पळून येते, भुकेने दोन भाकऱ्या खाते आणि रात्री मोबाइल न मागता झोपते.

डिसेंबरात आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो नाही. सामना होता तिसऱ्या क्रमांकासाठी. शेवटच्या दोन मिनिटांत आमच्याकडे ३१-२८ होते आणि, अल्हम्दुलिल्लाह, या वेळी दोन टाइमआउट शिल्लक होते. समोरच्यांनी एक बास्केट केली, ३१-३०. मुलींनी चेंडू हातोहात फिरवला. बाकावरून एकवीस, बावीस असे मोजणारा आमचा आवाज बसला होता. फेक चुकली, पण पाच नंबरने चेंडू परत मिळवला. घड्याळात बावीस सेकंद असताना अकरा नंबरवर फाऊल झाला. दोन फ्री थ्रो.

तिने तीनदा चेंडू आपटला. पहिला रिंगला लागून बाहेर. आम्ही डोळे मिटले, ते उघडले मुलींच्या ओरडण्याने. दुसरा आत गेला होता, ३२-३०. समोरच्यांनी टाइमआउट घेतला, पुढच्या अर्ध्यातून चेंडू आत टाकला, आणि त्यांच्या उंच मुलीने जवळून फेकला. ऑगस्टमध्ये अशा वेळी आमच्या पाचही जणी चेंडूकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. आता पाचही जणींनी आधी आपापल्या समोरच्या मुलीला पाठीने अडवले. चेंडू रिंगवरून उडाला, कप्तानच्या हातात पडला, आणि तिने तो छातीशी असा धरला की शिट्टी झाल्यावरही सोडीना.

अकरा नंबरचे अब्बा जाळीबाहेर रिक्षा लावून उभे होते. केव्हा आले, आम्हाला कळले नाही. जवळ गेलो तर त्यांनी सामन्याबद्दल अवाक्षर काढले नाही. घड्याळ बघत विचारले, ‘‘मगरीबला अजून वीस मिनिटं आहेत ना? मग तो पहिला का चुकला, ते तिला आत्ताच विचारून घेतो.’’