खुर्चीत बसलेलं मूल कशाला घाबरतं?

‘काही करणार नाहीत, नुसतं बघणार आहेत.’ मुलाला दातांच्या डॉक्टरांकडे नेताना रिक्षात हे वाक्य हमखास बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण दाढ किडली आहे आणि आज ती भरायची आहे हे आईला माहीत असतं, आणि अर्ध्या तासाने मुलालाही कळतं. दुखायचं ते दुखतंच, वर आईचा शब्द खोटा ठरतो. मग पुढच्या वेळी खरोखर नुसतं बघायचं असलं तरी ते तोंड उघडत नाही. खरं सांगितलं तर मूल घाबरेल, हा समज मला सगळ्यांत महागात पडणारा वाटतो.

मुलांना धसका असतो तो पुढे काय होणार हे ठाऊक नसल्याचा आणि आपल्या हातात काहीच नसल्याचा. म्हणून थोडक्यात, पण खरं सांगावं: ‘दाढेला खड्डा पडलाय, तो डॉक्टर साफ करून बुजवतील. मशीनचा आवाज येईल. मी तिथेच बसणार आहे.’ एवढं पुरे. सुई, रक्त, ‘माझी दाढ काढली तेव्हा काय हाल झाले’ हे विषय घरात मुलासमोर नकोतच. ‘अजिबात दुखणार नाही हं’ हेही नको; तोवर कदाचित त्याच्या मनात दुखण्याचा विचार आलेलाही नसतो. आणि ‘दात घासले नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ ही धमकी ज्या घरात रोज दिली जाते, तिथलं मूल डॉक्टरांना बघून रडलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

‘आमचा हट्टीच आहे, दोघांनी धरलं की होईल’ असं सांगणारे पालक अजून भेटतात. भीती म्हणजे हट्ट नव्हे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत एकेकाळी दंतवैद्यकात शिकवली जात असे. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या अकादमीने 2006 मध्ये ती आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. धरून-बांधून एक दाढ भरली जाते खरी, पण पुढे कित्येक वर्षं ते मूल दवाखान्याची पायरी चढायला तयार होत नाही. अगदी लहान बाळाची गोष्ट वेगळी. आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर असतं, त्याचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर टेकवतात आणि मिनिटभरात तोंड तपासून होतं. त्या वयात बाळ रडणारच, आणि रडताना तोंड छान उघडतं.

समजत्या मुलासाठी जगभर वापरली जाणारी रीत हॅरोल्ड अ‍ॅडेलस्टन यांनी 1959 मध्ये मांडली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. ऐकायला साधी, करायला चिकाटीची. दात घासायचा फिरता रबरी ब्रश डॉक्टर आधी मुलाच्या नखावर फिरवतात. गुदगुल्या होतात. मग तो पुढच्या एका दातावर, आणि मग कुठे दाढेकडे. थुंकी ओढणारी नळी ग्लासातल्या पाण्यात धरायला मुलाच्याच हातात देतात. पाणी सर्रकन जाताना बघितलं की त्या आवाजाचा बाऊ उरत नाही. आणखी एक करार ठरतो: डावा हात वर केलास की मी थांबेन. बरीच मुलं पहिल्यांदा हात वर करतात ती काहीही दुखत नसताना, डॉक्टर खरंच थांबतात का ते बघायला. त्या वेळी थांबणं फार महत्त्वाचं. ‘झालंच, एक मिनिट’ म्हटलं की करार मोडला.

‘दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला त्रास द्यायचा?’ हा समज तर घरोघरी आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकून जागा अडवतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ कायमची असते. तिच्यासाठी एकही दात पडत नसल्यामुळे पालक तिलाही दुधाची समजून सोडून देतात.

दुखल्यावरच जायचं, ही सवय भीती वाढवते. पहिला दात आल्यावर सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत पहिली भेट व्हावी असा बालदंतवैद्यांचा सल्ला आहे. ठणकणारी दाढ घेऊन पहिल्यांदा आलेल्या मुलाला नखावर ब्रश फिरवून दाखवायला सवड कुणाला असते?

आता सुई आणि मशीन. कीड म्हटली की दरवेळी दोन्ही लागतातच असं नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून बऱ्याचदा कीड थांबवता येते. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो, हे पालकांनी आधी विचारून घ्यावं. स्कॉटलंडमधल्या डॉक्टर नोर्ना हॉल यांच्या नावाच्या पद्धतीत योग्य त्या दुधाच्या दाढेवर न कोरता, न टोचता स्टीलची टोपी बसवतात. सुई द्यावीच लागली तर आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावतात आणि औषध अगदी सावकाश सोडतात. नंतर दोन-तीन तास ओठ बधिर असतो. मूल तो गंमत म्हणून चावत बसतं आणि संध्याकाळी ओठ सुजतो. तेवढा वेळ खायला देऊ नये, लक्ष ठेवावं.

नायट्रस ऑक्साइडच्या वायूने मूल बेशुद्ध होतं, हीही चुकीची समजूत. ते जागं असतं, बोलतं, फक्त सैलावतं, आणि शेवटी ऑक्सिजन दिल्यावर काही मिनिटांत अंमल उतरतो. नाक चोंदलेलं असेल तर मात्र उपयोग नाही, कारण तो नाकानेच घ्यायचा असतो. पूर्ण भूल ही निराळी गोष्ट. ती भूलतज्ज्ञ असलेल्या ठिकाणीच द्यायची.

एवढं करूनही एखाद्या दिवशी मूल तोंड उघडत नाही. साधं काम असेल तर त्या दिवशी फक्त दात मोजून घरी यावं, पुढची तारीख घ्यावी. पण गालावर सूज आणि सोबत ताप असेल तर वाट बघू नये, त्याच दिवशी उपचार हवेत. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय गाठावं.