पाहुणे गडी आणि पेठेतील पोरे

हंगाम तोंडावर आला की कोल्हापुरात चर्चा सुरू होते ती फुटबॉल संघांतील नव्या गड्यांची. पाटाकडील तालमीने कोणाला घेतले, खंडोबा तालमीने कोणाला सोडले, दिलबहारची आघाडी कोण सांभाळणार, याचे हिशेब कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होईपर्यंत चालतात. गेल्या काही वर्षांत नायजेरिया, घाना या देशांतील खेळाडूही शाहू स्टेडियमवर खेळून गेले. त्यांच्या खेळाने प्रेक्षकांना आनंद दिला, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु नव्या गड्याची पारख केवळ त्याच्या गोलांवरून करावी काय? उणीव बचावफळीत असताना आघाडीला नामवंत खेळाडू आणणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून दाराला तोरण बांधणे होय. शिवाय पाहुणा हंगाम संपताच निघून जातो. मागे उरतात ती पेठेतील पोरे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. अशा मुलांच्या वाट्याला केवळ राखीव खेळाडूंचा बाक येणार असेल, तर चषक जिंकूनही तालीम हरलीच म्हणायची.

हा प्रश्न एकट्या कोल्हापूरचा नाही. एखाद्या स्पर्धेपुरता बाहेरचा गडी आणण्याचा मोह अक्कलकोटच्या मंडळालाही पडू शकतो. तो जरूर आणावा. मात्र त्याच्या शेजारी गावचे दोन तरुण उभे करावेत. हंगामाअखेर त्यांनी काय आत्मसात केले, हीच त्या निवडीची खरी कसोटी.