तंबूतील कॉफी

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणास बेळगावहून चोर्ला घाटाने मोटारसायकलवर जावयाचे, तर वाटेत एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात तंबू ठोकून रात्र काढावी. पहाटेच्या थंडीत कॉफी हवीच. आणि तीच बहुधा बिघडते. पूड घालून पाणी खळखळ उकळण्याची आपली खोड चहाला मानवते, कॉफी मात्र तिने कडवट होते.

पूड जाड्या रव्यासारखी दळलेली, शक्यतो बिनचिकोरीची घ्यावी. चिकोरी रंग देते, तरतरी देत नाही. माणशी २५० मिलिलिटर पाण्यास १५ ग्रॅम पुरे. पुड्या घरीच बांधाव्यात, प्रवासात तराजू कोण नेतो! उकळी येताच पातेले उतरवून अर्धा मिनिट थांबावे, मग पूड घालून एकदा ढवळावे व ४ मिनिटे झाकावे. गाळ तळाशी बसला की वरची निवळ हलक्या हाताने ओतावी. दूध वेगळे तापवावे.

थंडी कितीही असो, स्टोव्ह तंबूत पेटवू नये. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास वास नसतो, आणि निजलेला माणूस निजलेलाच राहतो. मोटारसायकलही दूर उभी करावी, टाकीत पेट्रोल असते. झोप अपुरी झाली असेल तर कॉफीवर विसंबून घाट उतरू नये; आणखी तासभर निजावे.

उरलेली कॉफी थर्मासमध्ये न्यावयास हरकत नाही. मात्र पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली पवित्र कम्युनियनपूर्वीचा उपवास १ तासाचा केला, तो पाण्याने मोडत नाही, कॉफीने मोडतो. म्हणून जुन्या गोव्यात थर्मासचे झाकण मिस्सा आटोपल्यावरच उघडावे.