भिंतीवरील बटणांची फळी

सायंकाळी घरात अंधार पसरू लागला, की कोणीतरी भिंतीपाशी जाऊन बटण दाबतो आणि खोली उजळून निघते. त्याच फळीवर आणखी दोन-तीन बटणे असतात. एकाने पंखा फिरतो, दुसऱ्याने ओसरीवरचा दिवा लागतो. इतकी शेजारी असूनही ही बटणे एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करीत नाहीत, हे कसे?

वीज वाहण्यासाठी तिचा मार्ग अखंड असावा लागतो. त्याकरिता घरात दोन तारा येतात. एकीला फेज व दुसरीला न्यूट्रल म्हणतात. भारतातील घरांत या दोहोंमध्ये विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. फळीच्या मागे फेजची एकच तार येते. तारेच्या आखूड तुकड्यांनी तिच्याशी प्रत्येक बटणाची एक बाजू जोडलेली असते. दुसऱ्या बाजूपासून मात्र स्वतंत्र तार निघून आपापल्या दिव्याकडे जाते. दिव्याचे दुसरे टोक न्यूट्रलला मिळते. पाटाचे पाणी अनेक वाफ्यांपाशी पोहोचते. परंतु ज्याचे तोंड उघडावे, तोच वाफा भिजतो. बटणांचेही तसेच आहे. या रचनेस समांतर जोडणी म्हणतात. दिवे एकापुढे एक जोडले असते, तर एक विझताच सर्वच विझले असते.

येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बटण नेहमी फेजच्या तारेवरच असावे लागते. ते चुकून न्यूट्रलवर बसवले, तरीही दिवा लागतो आणि विझतो. म्हणून चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु दिवा विझलेला असतानाही त्याच्या होल्डरपर्यंत वीज पोहोचलेलीच असते. न्यूट्रलची तार रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात फेजला लागला, तर त्याच्या शरीरातूनच विजेचा मार्ग पूर्ण होतो. बटण बंद आहे, या विश्वासाने दिवा बदलू पाहणाऱ्याचा प्राण अशा वेळी धोक्यात येतो.

म्हणून जाणता वायरमन तारांच्या रंगावर विसंबून राहत नाही. आपल्याकडे फेजसाठी तांबडी व न्यूट्रलसाठी काळी तार वापरण्याचा प्रघात आहे. तरी तो टेस्टर लावून खात्री करून घेतो. मुलांनी फळी कधीही उघडू नये. दिवा बदलताना घरातील मोठ्या माणसांनीही मेन स्विच बंद करावा आणि हात कोरडे ठेवावेत.

फळीमागील काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तरीही ते चोख असावे लागते. कारण घरातील प्रत्येक जण त्यावर विश्वास ठेवूनच बटणाला हात लावतो.