नव्या लिनक्सवर प्रिंटर चालत नाही? एकेक थर तपासा

जुन्या संगणकावर लिनक्स टाकून संशोधनाची सुरुवात करणारे बरेच जण असतात. लेखन, आकडेमोड, आलेख सगळं नीट चालतं आणि नेमका सिनॉप्सिस द्यायच्या आदल्या दिवशी प्रिंटर गप्प बसतो. अशा वेळी दिसेल तो ड्रायव्हर टाकत सुटू नका. प्रयोग फसला की आपण जे करतो तेच इथे करायचं: अडचण नक्की कोणत्या थरात आहे, ते आधी शोधायचं.

पहिला थर जोडणीचा. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा रोमन लहान अक्षरांत, सलग टाइप करा. यादीत प्रिंटर दिसत नसेल, तर दोष बहुधा केबलचा, पोर्टचा किंवा विजेचा. सॉफ्टवेअरला अजून हात लावू नका.

दुसरा थर ‘कप्स’चा. लिनक्सवरची छपाई हीच प्रणाली सांभाळते. मॅकवरही तीच आहे. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ हा पत्ता रोमन अक्षरांत द्या. पान उघडलं, तर सेवा चालू आहे. मग प्रिंटरची रांग थांबवलेली तर नाही ना, ते बघा. अनेकदा गाडं इथेच अडतं.

तिसरा थर ड्रायव्हरचा. नव्या नेटवर्क प्रिंटरना बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एचपी लेझरजेट १०२० सारख्या जुन्या प्रिंटरची गोष्ट निराळी. त्याचं फर्मवेअर त्याच्यात कायम राहत नाही. दर वेळी चालू झाल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. त्यासाठी ‘एचपीलिप’ आणि कंपनीचं प्लगइन दोन्ही हवीत. प्लगइन उतरवायला इंटरनेट लागतं.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवावं. पावसाळ्यात वीज गेली की असा प्रिंटर फर्मवेअर विसरतो. वीज जाण्यापूर्वी छपाई होत होती आणि नंतर होत नाही, म्हणजे ड्रायव्हर बिघडला असं नाही. प्रिंटर चालू करून केबल काढून पुन्हा जोडा, फर्मवेअर परत जाईल. कागद अडकत असेल, तर मात्र तो दमट हवेचा प्रताप. रिमचं पाकीट बंद ठेवा.

प्लगइन बंदिस्त आहे, म्हणून ते आत काय करतं हे आपल्याला वाचता येत नाही. एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन यांनाही झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड मिळाला नव्हता. अशा अनुभवांतूनच पुढे १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

शेवटचं: प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. म्हणून सादरीकरणाच्या आठवड्यात सिस्टिम अपडेट करू नका. प्रिंटर चालू झाला की लिनक्सची आवृत्ती, एचपीलिपची आवृत्ती आणि शेवटी काय बदलल्यावर काम झालं, हे प्रयोगवहीत लिहून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलली असेल, तरच त्या नोंदीला अर्थ आहे.