ठासणीची बंदूक (लेखांक ७) : बार उडाल्यावर नळीत उरते ते

गेल्या लेखांकात चकमक मागे पडून टोपी आली, तिथवर आपण पोचलो. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट १८०७ साली घेतले आणि पुढच्या काही दशकांत तांब्याची टोपी सैन्यांत रुळली. ओल्या हवेतही बार उडेल याची खात्री वाढली. नळीच्या आत मात्र काहीच बदलले नाही. दारू तीच काळी, धूर तोच आणि मागे राहणारा गाळही तोच. या गाळाचा विषय बहुतेक पुस्तकांत ‘निगा’ या शेवटच्या प्रकरणात उरकला जातो. माझ्या मते तो पहिल्या प्रकरणात यायला हवा. ठासणीच्या बंदुकीची आणि टोपीच्या रिव्हॉल्व्हरची घडण, अचूकता, त्यांतला धोका आणि त्यांचे आयुष्य हे सगळे त्या गाळाभोवती फिरते. बंदूक धुणे हे नेमबाजीतच मोजले पाहिजे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या ब्रिटिश संशोधकांनी बंद पात्रांत ही दारू पेटवून तिच्यातून काय निघते ते मोजले आणि १८७५ साली प्रसिद्ध केले. वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो; उरलेला, म्हणजे सुमारे ५७ टक्के भाग, घन पदार्थांचा असतो. गोळीला ढकलतो तो वायू. घन भागातला काही धुरावाटे बाहेर पडतो, बाकीचा नळीच्या भिंतीला चिकटतो. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. यांतले कार्बोनेट हवेतली ओल इतक्या हावरेपणाने ओढते की दमट दिवसात ते स्वतःच विरघळू लागते. बिनधुराच्या दारूवर वाढलेल्या नेमबाजाला हा हिशेब लवकर पटत नाही, कारण त्याच्या बंदुकीत जवळजवळ सगळ्या दारूचा वायू होतो. (बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही घालायची नाही. तिचा दाब या नळ्यांना झेपत नाही आणि नळी फुटते.)

आता घडणीकडे पाहू. आटे पाडलेल्या नळीत गोळी आट्यांना घट्ट भिडली तरच फिरकी घेते. पण घट्ट गोळी तोंडाकडून खाली ठासायची, तीही आधीच्या बारांचा गाळ साचलेल्या नळीतून, हे काम अवघड. ब्रिटिश सैन्याने बेकर रायफलीसोबत सुरुवातीला गोळी ठोकायला लाकडी हातोड्या दिल्या होत्या, यावरून अडचणीची कल्पना यावी. फ्रान्सच्या क्लोद-एत्येन मिनिए याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीने तोडगा दिला. गोळी नळीहून बारीक ठेवायची, तिचे बूड पोकळ ठेवायचे, म्हणजे बार होताना बूड फुगून आट्यांत बसेल. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी ०.५६८ इंचाची होती. मधली फट पाव मिलिमीटरहूनही कमी. हिंदुस्थानच्या उष्ण हवेत गाळ लवकर कोरडा आणि कडक होई, मग एवढी फट पुरेना. १८५७ च्या उठावानंतर गोळी ०.५५ इंचांपर्यंत बारीक करण्यात आली आणि फट सुमारे ०.७ मिलिमीटर झाली. कारागिराने अचूकतेचा हिशेब मांडावा आणि गाळाने तो पुन्हा मांडायला लावावा, असे इथे घडलेले दिसते.

काडतुसाच्या कागदाला लावलेली चरबीही याच हिशेबातली. ती नळीतून जाताना गाळ मऊ ठेवते, म्हणून पुढची गोळी खाली उतरते. १८५७ च्या जानेवारीत डमडमला याच चरबीवरून कुजबुज सुरू झाली आणि पुढे सिपायांनी स्वतः तूप, तेल, मेण लावावे अशी मुभाही देण्यात आली. उठावाची कारणे चरबीहून फार खोल होती, हे उघड आहे. पण ‘इंग्रजांना चरबी लावायची गरजच काय होती?’ या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर नळीतल्या गाळात आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत ते क्वचितच सांगितले जाते.

रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे फिरणारा भाग आहे. चक्री आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून प्रत्येक बाराला जळता वायू फुटतो आणि चक्री ज्या दांड्यावर फिरते त्याच्या पुढच्या टोकावर गाळ बसवतो. कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही नमुन्यात हा दांडा जाड आहे आणि त्यावर खाचा कोरलेल्या आहेत. त्यांत वंगण साठते. रेमिंग्टनचा दांडा बारीक आणि गुळगुळीत. त्यामुळे वरून बंद असलेली रेमिंग्टनची चौकट कोल्टच्या उघड्या चौकटीहून मजबूत असली, तरी काही फैरींनंतर तिची चक्री आधी जड होते. उलट रेमिंग्टनची चक्री काढून दांडा पुसणे क्षणाचे काम आहे, तर कोल्टला पाचर काढून नळी वेगळी करावी लागते. या दोहोंत चांगले कोणते, हा वाद शौकिनांत जुना आहे. चौकटीच्या मजबुतीवर तो मिटणार नाही. किती बारांनी आणि कसे पुसणार, हे आधी ठरवले तरच तो मिटेल.

धोक्याचा मुद्दाही इथेच येतो. एका कप्प्याचा बार शेजारच्या कप्प्याला पेटवतो, तेव्हा नेमबाजाचा हात जायबंदी होऊ शकतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक गोळीवर वंगण थापायला सांगतात. आक्षेप असा, की पहिलाच बार शेजारच्या कप्प्यावरचे वंगण उडवून देतो, मग त्याचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे. ठिणगी अडवते ती कप्प्याहून किंचित मोठी गोळी. ठासताना तिच्या कडेने शिशाचे पातळ कडे कापले गेले तर गोळी घट्ट बसली असे समजावे. मागच्या बाजूला टोप्या सैल असतील तर आग तिकडूनही शिरू शकते, म्हणून त्याही घट्ट हव्यात. वंगणाचे काम निराळे आहे: गाळ मऊ ठेवणे आणि चक्री फिरती ठेवणे. दारू आणि गोळी यांमध्ये मेण-चरबीत भिजवलेली नमद्याची चकती घातली तर तेच काम जास्त स्वच्छपणे होते.

मग धुवायचे कशाने? पाण्याने. हे ऐकून नव्या माणसाचा जीव दचकतो, कारण लोखंडाचा शत्रू पाणी, हे त्याला लहानपणापासून माहीत असते. पण गाळातले क्षार पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. न धुता तेल लावलेल्या नळीत क्षार तेलाच्या थराखाली राहतात आणि हवेतली ओल खेचतच राहतात. पाणी नळीत काही मिनिटे असते, क्षार ठेवले तर ओल कायमची. पाणी कढतच हवे, हा आग्रह मात्र मला पटत नाही. कढत पाण्याने नळी चटकन वाळते हे खरे, पण तापलेल्या उघड्या पोलादावर गंजाची तांबूस झाक तितक्याच चटकन येते. कोमट पाणी आणि थोडा साबण पुरतो. नळी निघत असेल तर तिचे बूड बादलीत ठेवून, गजाला चिंधी गुंडाळून पाणी वर-खाली ओढावे; टोपी बसते ती पोकळ खुंटी, म्हणजे निपल, काढून वेगळी धुवावी; लाकडात आणि घोड्याच्या यंत्रात पाणी जाऊ देऊ नये. चिंधी पांढरी येईपर्यंत धुवून, पुरती वाळवून, मगच तेल.

साबणाला विरोध करणारे म्हणतात, की चरबीने नळी बिडाच्या तव्यासारखी मुरते आणि साबण ते मुरलेपण काढून टाकतो. तव्यावर तेल मंद आचेवर पुन्हा पुन्हा तापून टणक थर धरते हे बरोबर आहे. नळीत मात्र दर बाराला ज्वाला, दाब आणि क्षारांचा मारा होतो. मुरलेला थर समजून जे जपले जाते ते बहुधा जळक्या चरबीखाली अडकलेले क्षारच असतात. दुसरा आक्षेप आधुनिक आहे: आजच्या टोप्या गंज आणत नाहीत, तेव्हा घाई कशाला? जुन्या टोप्यांतल्या पोटॅशियम क्लोरेटपासून क्लोराइड उरत असे, ते आता टळले हे मान्य. पण टोपीतले रसायन चिमूटभरही नसते. गाळ येतो तो दारूतून. काळ्या दारूऐवजी वापरायच्या काही पर्यायी दारूंमध्ये तर पोटॅशियम परक्लोरेट असते आणि त्यातूनही क्लोराइडच उरते.

धुण्याआधी एक गोष्ट करायलाच हवी: नळी रिकामी आहे याची खात्री. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या सुमारे २७ हजार बंदुकांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींत एकावर एक अनेक बार ठासलेले होते, अशी नोंद आहे. त्यामागे सैनिकांची भीती किती आणि न पेटलेल्या टोप्या किती, यावर मतभेद आहेत. उपाय मात्र सोपा आहे. रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत घालून तोंडाशी त्यावर खूण करून ठेवावी. पुन्हा घातल्यावर खूण तोंडाच्या बाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे.

आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यांवर अशा बंदुका आजही आहेत, रानडुकरांपासून आणि माकडांपासून पीक राखायला. निवडणुका आल्या की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि कित्येक आठवडे तिथेच राहतात. त्या न धुता जमा झाल्या आणि हवा दमट असली, तर नळीतले क्षार आपले काम करतच राहतात. जमा करण्याच्या आदल्या दिवशीच बंदूक धुवून, वाळवून, तेल लावून ठेवावी. परत मिळाल्यावर कोरडी चिंधी फिरवून तपकिरी डाग येतो का ते पाहावे. आला तर पुन्हा पाणी. आणि बार भरण्याआधी नळीतले आणि निपलमधले तेल पुसून काढावे, नाहीतर दारू तेल पिते आणि टोपी वाजूनही बार उडत नाही. पुढच्या लेखांकात न उडालेल्या बाराचे काय करायचे ते पाहू.