फुलांच्या शेतात लोक फुकट राबायला का जातात, आणि त्यातून शेतकऱ्याच्या हाती नक्की काय येतं?

दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी वैजापूर तालुक्यात मजूर मिळवून दाखवा. अवघड आहे. मका काढणीला आलेला असतो, कापसाची पहिली वेचणी तोंडावर असते आणि कांद्याच्या लागवडीसाठी बायकांच्या टोळ्या आधीच बुक झालेल्या असतात. नेमका तेव्हाच झेंडू फुलतो.

झेंडूचं गणित कांद्यासारखं नाही. कांदा चाळीत टाकून भावाची वाट बघता येते. झेंडू दसऱ्याच्या सकाळी मार्केटला पोहोचला तर सोनं, त्याच दिवशी दुपारनंतर पोहोचला तर रस्त्याच्या कडेला ढीग. म्हणजे अर्धा-एक एकर फुलं लावणाऱ्या कुटुंबाचं वर्ष त्या दोन-तीन पहाटेंवर ठरतं. आणि तेव्हा हात कमी पडतात.

आता इथं एक प्रश्न येतो. शहरात अशी भरपूर पोरं आहेत ज्यांना चार दिवस मातीत हात घालायचेत, फुलांच्या शेताचे रील बघून ज्यांना तिथं जायचंय. मग या दोघांची गाठ घालून दिली तर?

जगात हे ५० वर्षांहून जास्त काळ चालू आहे. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कोपार्ड या बाईंना शहराचा कंटाळा आला होता. गावाकडं जायचं तर ओळखीचं कुणी नाही. त्यांनी ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेताशी बोलून शनिवार-रविवार तिथं काम करायचं ठरवलं. पहिल्या खेपेला चार जण गेले. त्यातून उभी राहिली ती 'वूफ' नावाची चळवळ. पाहुण्यानं दिवसाचे चार ते सहा तास शेतात काम करायचं, यजमान कुटुंबानं राहायची-जेवायची सोय करायची आणि काम शिकवायचं. दोन्हीकडून पैशांचा व्यवहार नाही. आज शंभराहून जास्त देशांत हे चालतं, त्यात भारतही आहे.

पण मराठी माणसाला हे नवीन वाटायचं कारण नाही. आपल्याकडं इर्जिक होतीच की. नांगरटीला गावातल्या लोकांनी आपापली बैलं घेऊन एकाच्या वावरात उतरायचं आणि संध्याकाळी त्या घरी सगळ्यांनी जेवायचं. सावड त्याहून रोखठोक, आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं. फरक एवढाच की इर्जिकीला येणाऱ्याला औत धरता येत होतं. शहरातून आलेल्याला खुरपं कसं धरायचं इथपासून सांगावं लागतं.

आणि सेंद्रिय फुलशेतीत खुरपं काही सुटत नाही. तणनाशक मारायचं नाही म्हटल्यावर हरळी, लव्हाळा आणि काँग्रेस गवत हातानंच काढावं लागतं. त्यात काळी माती. पाऊस पडला की पायाला किलोभर चिकटते, उघडीप मिळाली की दगडासारखी होते. झेंडूची लावणी जुलै-ऑगस्टमध्ये होते, महिनाभरानं शेंडे खुडायचे म्हणजे झाडाला फांद्या जास्त फुटतात, आणि साधारण दोन महिन्यांनी तोडणी. मधल्या काळात जीवामृत. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, रोज काठीनं ढवळायचं. रीलमध्ये या पिंपाचा वास येत नाही, हे बरंच आहे.

बरं, फुलं खायची नाहीत मग सेंद्रिय कशाला? हा प्रश्न बरोबर आहे, आणि बाजारही तोच विचारतो. देवाला वाहायच्या फुलाला सेंद्रिय म्हणून सहसा जास्तीचा भाव कुणी देत नाही. पण फुलं रोज हाताळणाऱ्यांचं काय? बेल्जियममध्ये फूलविक्रेत्यांच्या हातमोज्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांवर शंभराहून जास्त कीटकनाशकांचे अंश सापडले. आपल्याकडं तर फुलं तोडणाऱ्या आणि हार ओवणाऱ्या बायका हातमोजेही घालत नाहीत. शिवाय झेंडू शेजारच्या पिकालाही कामाला येतो. टोमॅटोत ठरावीक ओळींनंतर झेंडू लावला की फळ पोखरणारी अळी त्याच्याकडं ओढली जाते, आणि त्याच्या मुळांमुळं सूत्रकृमीही कमी होतात.

सर्टिफिकेट हवं असेल तर हंगामी पिकांना रासायनिक खत-औषध बंद केल्यावर साधारण दोन वर्षं थांबावं लागतं. लहान शेतकऱ्यांसाठी पीजीएस नावाची सोय आहे, त्यात शेतकऱ्यांचा गटच एकमेकांची शेतं तपासतो. ही मधली वर्षं सगळ्यात अवघड. खर्च मजुरीवर वाढलेला, भाव मात्र तोच.

मग फुकटच्या हातांनी हा खर्च भागतो का? इथं मात्र गडबड आहे. नवखा माणूस पहिले दोन दिवस तणाबरोबर रोपंही उपटतो. त्याला शिकवायला घरातला एक माणूस अडकतो. आणि त्याचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण करते घरातली बाई, जी स्वतः पहाटेपासून वावरात असते. पाहुणा फुकट, पण त्याचा भार तिच्या चुलीवर. ज्या घरात पाहुणा भांडी घासतो, पीठ मळतो, तिथं त्याला पुन्हा बोलावतात. हा हिशोब कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

दुसरी गोष्ट रोजंदारीची. ज्या दिवसांत गावातल्या बायकांना काम नसतं, तेव्हा फुकटे पाहुणे आणून खुरपणी उरकणं म्हणजे त्यांची मजुरी मारणं. दसऱ्याच्या तोडणीला, जेव्हा पैसे देऊनही माणूस मिळत नाही, तेव्हा हा प्रश्न येत नाही. म्हणजे पाहुणे कधी बोलवायचे, हे शेतकऱ्यानं ठरवायला पाहिजे, पाहुण्याच्या सुट्टीनं नाही.

परदेशी पाहुणा असेल तर त्याची नोंद यजमानाला २४ तासांत ऑनलाईन करावी लागते आणि त्याच्या व्हिसात असं काम बसतं का, हेही आधी बघावं लागतं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला ती कटकट नाही. त्यानं मनमाड-संभाजीनगर लाईनवरच्या रोटेगावला उतरायचं, वैजापूर तिथून जवळच आहे. सोबत पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, टोपी आणि टॉर्च पाहिजे, कारण तोडणी उजाडायच्या आधीच सुरू होते. आणि येण्याआधी फोन करून पाऊस विचारायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीनं उभी पिकं पाण्यात गेली. भिजलेला झेंडू क्रेटमध्ये भरला की काळा पडतो, मग तोडायला कितीही माणसं असली तरी उपयोग नसतो.